जुन्या मोटारसायकलीचा विमा : एक तक्रार आणि एक कबुली

इंदूरच्या आपल्या जुन्या घरांच्या देवड्यांत एक दृश्य ठरलेले असते. उंबऱ्याच्या आत, जिन्याच्या खाली, जुन्या चादरीने झाकलेली एखादी राजदूत, येझदी किंवा लॅम्ब्रेटा उभी असते. ती कुणाच्या वडिलांची असते, कुणाच्या थोरल्या भावाची, तर कुणाला हुंड्याऐवजी हौसेने मिळालेली असते. ती विकावी असे घरातील धाकटी पिढी दर दिवाळीच्या आवराआवरीत सुचवते आणि दर दिवाळीत ती पुसून पुन्हा जागच्या जागी उभी राहते. माझ्याकडे अशी एक राजदूत आहे. वडिलांनी ती १९८५ साली भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेऊन खरेदी केली. त्यांच्यामागे ती माझ्याकडे आली आणि मी ती आजही चालवतो. सभेचे ग्रंथालय, पेन्शनची बँक, गुरुवारचे देऊळ आणि क्वचित मंडईची फेरी एवढाच तिचा प्रवास. शासकीय नोकरीत लागलेल्या सवयीमुळे मी तिची नोंदवही ठेवतो. तिच्याप्रमाणे गेल्या वर्षभरात ही गाडी ६४० किलोमीटर चालली.

त्याच वहीत विम्याची पावती चिकटवलेली आहे. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता १,३६६ रुपये, त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, मिळून १,६१२ रुपये. भंगारवाल्याने या गाडीचे सहा हजार रुपये सांगितले होते. म्हणजे चार वर्षांत गाडीच्या किमतीहून अधिक रक्कम विम्यापोटी जाते. किलोमीटरमागे हिशेब केला तर अडीच रुपये पडतात, जवळजवळ पेट्रोलइतकेच. पेट्रोलने निदान गाडी चालते.

येथे कोणी विद्वान गृहस्थ मला थांबवून सांगतील की, तृतीय पक्ष विमा हा गाडीचा नसतोच, मग गाडीच्या किमतीशी त्याची तुलना कशाला? हा आक्षेप योग्य आहे आणि तो मी आधीच मान्य करतो. विमेदार हा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा, आणि ज्याला आपली गाडी धडकेल तो रस्त्यावरचा माणूस तिसरा. त्या तिसऱ्यासाठीच हा विमा आपल्या देशात १९४६ सालापासून सक्तीचा आहे आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने ती सक्ती कायम ठेवली. गाडी सहा हजारांची असो वा सहा लाखांची, तिच्याखाली सापडलेल्या माणसाचा पाय सारखाच मोडतो. तेव्हा हा विमा नसावा किंवा जुन्या गाडीला त्यातून सोडावे, असे माझे मुळीच म्हणणे नाही. माझे भांडण वेगळे आहे. हा हप्ता ज्या मापाने मोजला जातो ते माप आंधळे आहे, आणि त्या आंधळेपणाची किंमत शेवटी तो तिसरा माणूसच मोजतो. हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

माप एकच आहे, इंजिनाची घनक्षमता, म्हणजे बोलीभाषेत सीसी. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात पंचाहत्तर सीसीपर्यंतच्या दुचाकीला ५३८ रुपये, त्यापुढे दीडशेपर्यंत ७१४, दीडशेच्या पुढे साडेतीनशेपर्यंत १,३६६ आणि त्याहून मोठीला २,८०४ रुपये असे चार टप्पे आहेत. राजदूतचे इंजिन १७३ सीसीचे. तेवीस सीसींमुळे ती तिसऱ्या टप्प्यात जाऊन पडते आणि हप्ता जवळजवळ दुप्पट होतो. आता ही गाडी ज्यांनी चालवली आहे त्यांना तिची ताकद ठाऊक आहे. नऊ अश्वशक्तीहून अधिक तिच्यात नव्हतीच, आणि चाळीस वर्षांच्या झिजेनंतर किती उरली असेल ते तिची किक मारणाऱ्यालाच विचारावे. दीडशे सीसीच्या आतली पल्सर सुमारे चौदा अश्वशक्तीची असते. ती ७१४ रुपये भरते. दोनशे सीसीची केटीएम सुमारे पंचवीस अश्वशक्तीची. आमच्या पोरांच्या हाती ती बाणासारखी सुटते, आणि ती माझ्याच टप्प्यात बसून माझ्याइतकेच भरते. धोका वेगातून आणि वापरातून निर्माण होतो. दरपत्रकाला मात्र फक्त सिलिंडरची पोकळी दिसते.

शिवाय हा टप्पा कसा वाढत गेला तेही पाहावे. २०१८-१९ मध्ये दीडशे ते साडेतीनशे सीसीसाठी ९८५ रुपये होते, २०१९ मध्ये ते १,१९३ झाले आणि २०२२ मध्ये १,३६६. याच काळात दीडशेच्या आतला दर ७२० वरून ७५२ वर गेला आणि २०२२ मध्ये ७१४ वर उतरला. यामागे दाव्यांचे काही गणित असेल, ते मी नाकारत नाही. पण त्या गणितात चाळीस वर्षांची राजदूत आणि काल शोरूममधून बाहेर पडलेली बुलेट यांची एकच रास केली आहे.

वापराचा विचार केला तर विसंगती अधिकच ठळक होते. घरोघर जेवण पोचविणारा तरुण दिवसाला शंभर किलोमीटर सहज हिंडतो. वर्षाचे तीस हजार किलोमीटर धरले तर त्याच्या १२५ सीसीच्या गाडीचा करासह ८४३ रुपयांचा हप्ता किलोमीटरमागे तीन पैशांहूनही कमी पडतो. माझा अडीच रुपये, म्हणजे सुमारे नव्वदपट. त्या कष्टाळू मुलाचा हप्ता वाढवावा असे माझ्या मनातही नाही. त्याच्यावर आधीच पुष्कळ ओझी आहेत. पण जो रस्त्यावर क्वचितच येतो त्याच्याकडून अधिक घ्यायचे, याला कोणते तत्त्व म्हणावे?

बरे, कमी वापर म्हणजे कमी हप्ता हे तत्त्व शासनाला अपरिचित आहे काय? मुळीच नाही. त्याच २०२२ च्या दरपत्रकात विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला तृतीय पक्ष हप्त्यात पन्नास टक्के सूट आहे. विजेवर चालणाऱ्या वाहनांना पंधरा टक्के आणि शैक्षणिक संस्थांच्या बसगाड्यांना पंधरा टक्के सूट आहे. म्हणजे ज्यांच्या पागेत जुनी ब्यूक वा डॉज आहे आणि जी वर्षातून एकदा मिरवणुकीपुरती बाहेर निघते, तिच्या धन्याला निम्मी सवलत. सूट ‘मोटारी’ला आहे, मोटारसायकलीला नाही. २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील दुचाकीलाही विंटेज नोंदणी खुली केली हे खरे, पण नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणण्यास मनाई. पेन्शनच्या बँकेत जाणे म्हणजे काही प्रदर्शन नव्हे.

याहून मौज पुढे आहे. जुलै २०२२ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने ‘जितकी चालवाल तितके भरा’ अशी योजना काढण्याची कंपन्यांना परवानगी दिली. मी हर्षभरित झालो. वाचता वाचता कळले की ही मुभा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यापुरती आहे. सक्तीच्या तृतीय पक्ष विम्याला ती लागू नाही. तरीही आशा धरून मी एका विमा कंपनीच्या शाखेत गेलो. तेथील तरुण अधिकाऱ्याने नोंदणीपुस्तकावरचे साल पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाला, “बाबूजी, इसको तो अब संभालकर रखिए, चलाइए मत।” पंधरा वर्षांवरील दुचाकीला स्वतःच्या नुकसानीचा विमा त्यांची कंपनी देत नाही. म्हणजे किलोमीटरप्रमाणे भरण्याची सोय ज्या विम्यात आहे तो मला मिळत नाही, आणि जो घ्यावाच लागतो त्यात ती सोय नाही.

समजा, एखाद्या कंपनीने उदार होऊन दिलाच, तरी हाती काय येते? पाच वर्षांनंतर गाडीचे विमामूल्य दोघांनी संमतीने ठरवायचे असते. ते किती ठरेल याची कल्पना भंगारवाल्याच्या उत्तरावरून यावी. दुरुस्तीच्या वेळी रबर, प्लॅस्टिक आणि बॅटरीवर निम्मा घसारा कापतात, आणि गाडी दहा वर्षांपुढे गेली की धातूच्या भागांवरही निम्मा. पितळी पाना गहाण ठेवून लोखंडी पाना सोडवावा, तसा हा व्यवहार. तो नाकारला गेला म्हणून मी रडत नाही.

आता कराविषयी. या विषयावर बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे, कारण माझी चौतीस वर्षे राज्याच्या वाणिज्यिक कर विभागात गेली आणि २०२१ साली मी तेथूनच निवृत्त झालो. जुलै २०१७ पूर्वी विम्यावर उपकर धरून पंधरा टक्के सेवाकर होता. वस्तू व सेवा कर आल्यावर तो अठरा टक्के झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये कराच्या दरांची मोठी फेररचना झाली. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरचा कर शून्यावर आला, चांगले झाले. मालवाहू गाड्यांच्या तृतीय पक्ष विम्यावरचा कर बारा टक्क्यांवरून पाचावर आला. तेही व्यापाराला उपयोगी. दुचाकीच्या तृतीय पक्ष विम्यावर मात्र अठरा टक्के जसेच्या तसे राहिले. जो विमा नागरिक स्वखुशीने घेतो तो करमुक्त, आणि जो न घेतल्यास कायदा त्याला दंड करतो त्यावर अठरा टक्के. हे ट्रकवाल्याला पाच आणि पेन्शनरला अठरा असे प्रमाण कोणत्या टिपणीवर मंजूर झाले असेल, याची मला एक जुना कारकुनी जिज्ञासा म्हणून उत्सुकता आहे.

याखेरीज मालकचालकाचा वैयक्तिक अपघात विमा आहेच. पूर्वी दुचाकीसाठी तो एक लाखाचा असे आणि त्याला पन्नास रुपये पडत. २०१८ मध्ये तो पंधरा लाखांचा झाला आणि आरंभी त्याचा हप्ता साडेसातशे ठरला. पुढे तो स्वतंत्रपणे घेण्याची मुभा मिळाली आणि दर उतरले. ज्याच्याकडे अन्यत्र पंधरा लाखांचा अपघात विमा आहे त्याला तो पुन्हा घ्यावा लागत नाही, हे मात्र काउंटरवर आपण होऊन कोणी सांगत नाही. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील मोटारसायकलीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क दोन हजार रुपये झाले, तेही मी भरले.

आता ती कबुली.

जुलै २०२२ मध्ये नवा दर पाहून मी विमा भरला नाही. हेच सर्व हिशेब मी तेव्हा केले आणि संतापाने पावतीपुस्तक मिटले. वर्षाला पाचसहाशे किलोमीटर, तेही गल्लीबोळांतून. कोण अडवणार आणि कोण पाहणार, असा विचार केला. चौतीस वर्षे मी व्यापाऱ्यांना नोटिसा बजावल्या. “साहेब, कर परवडत नाही म्हणून चुकवला,” असे म्हणणाऱ्यांना मी कायद्याचे कलम वाचून दाखवीत असे. त्यांची भाषा माझ्या तोंडी किती सहज आली! २०२३ चे वर्षही तसेच गेले.

त्या वर्षीच्या नोव्हेंबरात माझा भाचा आला होता. त्याने हौसेने गाडी बाहेर काढली. परवाना त्याच्याकडे होता, वेगही फार नव्हता. वळणावर ब्रेक लागायला उशीर झाला आणि देवळाबाहेर गजरे विकणाऱ्या एका बाईंच्या पायावर गाडी गेली. गुडघ्याखाली दोन ठिकाणी हाड मोडले. रुग्णालयाचे ७१ हजार रुपये मी भरले. घरी आल्यावर आणखी पंचवीस हजार दिले. त्यांचा मुलगा समंजस होता. तक्रार झाली नाही. तक्रार झाली नाही याचे मला तेव्हा हायसे वाटले होते. आज त्या हायसे वाटण्याचीच लाज वाटते.

कारण पुढे मी स्वस्थचित्ताने हिशेब मांडून पाहिला. त्या बाई तेव्हा सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या. आता त्यांना जमिनीवर बसता येत नाही, आणि गजऱ्यांचा धंदा बसूनच करायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा प्रकरणातील निर्णयाने भरपाईसाठी वयानुसार गुणक ठरवून दिला आहे. शेहेचाळीस ते पन्नास या वयासाठी तो तेरा आहे. महिना आठ हजारांची कमाई आणि तिच्यात वीस टक्के घट धरली, तर वर्षाचे १९,२०० आणि तेरा पटीने २,४९,६०० रुपये होतात. यात वेदनेचे, औषधपाण्याचे आणि भविष्यातील वाढीव मिळकतीचे काहीच धरलेले नाही. २०१७ च्या प्रणय सेठी निर्णयानंतर तीही वाढ जमेस धरली जाते. दावा न्यायाधिकरणापुढे हे सारे मागता आले असते आणि विमा असता तर ते कंपनीने दिले असते. मी दिले पंचवीस हजार, आणि मनात म्हणालो की मी सज्जन आहे. मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत विनारोकड उपचार मिळण्याची योजना सुरू झाली आहे. आज असा प्रसंग घडला तर रुग्णालयाची चिंता थोडी कमी व्हावी. बुडालेली कमाई मात्र त्या योजनेत नाही.

गेली दोन वर्षे मी त्या बाईंना दर महिन्याला काही रक्कम पोचवतो. ती भरपाई नव्हे. आम्हा दोघांनाही ते माहीत आहे.

माझा स्वतःचा अपराध मी दरपत्रकावर ढकलीत नाही. ज्याला हप्ता परवडत होता त्याने तो रागाने चुकवला, एवढेच त्याचे वर्णन होईल. पण माझ्यासारखे किती? विमा क्षेत्राच्याच माहितीप्रमाणे देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना आहेत आणि त्यांत दुचाकींचा भरणा सर्वांत मोठा. नव्या दुचाकीला १ सप्टेंबर २०१८ पासून पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो. म्हणजे ती पाच वर्षे तरी सुरक्षित. सुटतात त्या जुन्या गाड्या. विमाविरहित गाडीस २०१९ च्या सुधारणेने पहिल्या अपराधाला दोन हजार रुपये दंड वा तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. माझा वर्षाचा हप्ता सोळाशे आणि दंड दोन हजार, तोही पकडला गेल्यास. हे दोन आकडे शेजारी ठेवून आठवी पास मनुष्यही काय ठरवील ते मी कर खात्यात रोज पाहत होतो.

कंपन्यांचे म्हणणे असे की तृतीय पक्ष विमा त्यांना तोट्यात पडतो, न्यायालये भरपाई वाढवीत आहेत. भरपाई वाढली ती न्याय्यच आहे. पण एकूण रक्कम किती गोळा करावी हा एक प्रश्न आणि ती कोणाकडून किती घ्यावी हा दुसरा. जे दोन वर्षे काहीच भरत नव्हते, त्यांनी सातशे भरले तर निधीत भर पडते की घट होते? दुसरे काही सज्जन धुराचा मुद्दा काढतात. राजदूत टू-स्ट्रोक आहे, धूर सोडते. मला मान्य आहे, मागच्या घरच्या वहिनींनाही मान्य आहे. त्यासाठी प्रदूषण तपासणी आहे, नोंदणीचे वाढीव शुल्क आहे. धुराची शिक्षा विम्याच्या पावतीतून देऊ लागलो तर विमा हा विमा राहत नाही, आणि धूर तर तसाच राहतो.

आपल्या मंडळींनाही दोन शब्द कठोरपणे सांगितले पाहिजेत. सभेच्या वार्षिकोत्सवाच्या दिवशी प्रवेशद्वाराशी उभ्या असलेल्या दुचाकींकडे मी यंदा मुद्दाम पाहिले. ओळखीच्या अकरा जणांना विम्याविषयी विचारले. सहा जणांकडे चालू विमा नव्हता. त्यांत दोन निवृत्त प्राध्यापक, एक बँकेतील व्यवस्थापक आणि एक माझ्याच खात्यातील सहकारी होते. “अहो, आपण कुठे लांब जातो!” हे प्रत्येकाचे उत्तर होते. माझा भाचाही लांब गेला नव्हता. देवळापर्यंतच गेला होता. आपण पिढ्यान्‌पिढ्या या शहरात राहिलो, येथील लोकांनी आपल्याला कायद्याने वागणारी, पापभीरू माणसे मानले. तो लौकिक अशा उत्तरांवर फार दिवस टिकणार नाही.

तेव्हा परिवहन मंत्रालय आणि विमा नियामक प्राधिकरण यांना पाठवण्यासाठी मी निवेदनाचा एक मसुदा तयार केला आहे. त्यात मागण्या मोजक्या आहेत. पंधरा वर्षांवरील आणि वर्षाला दोन हजार किलोमीटरच्या आत चालणाऱ्या खासगी दुचाकीला, अंतरमापकाच्या नोंदीवरून, विंटेज मोटारीप्रमाणे तृतीय पक्ष हप्त्यात निम्मी सूट द्यावी; सक्तीच्या तृतीय पक्ष विम्यावरील कर मालवाहू गाड्यांइतका पाच टक्के करावा; आणि टप्पे ठरविताना सीसीबरोबर अश्वशक्तीचाही विचार व्हावा. माझ्या गाडीपुरते पाहिले तर हप्ता १,६१२ वरून ७१७ रुपयांवर येईल.

निवेदनासोबत पुरावा जोडावा लागेल. ज्यांच्या घरी पंधरा वर्षांहून जुनी दुचाकी आहे त्यांनी चालू विम्याच्या पावतीची छायाप्रत आणि वर्षभरातील किलोमीटरची नोंद महिनाअखेरपर्यंत सभेच्या कार्यालयात आणून द्यावी. ज्यांचा विमा चालू नसेल त्यांनी आधी तो काढून यावे. निवेदनावर माझ्यासह कोणाचीही सही त्याशिवाय घेतली जाणार नाही.